एक्केचाळीस घटनांचं घर

विम्याच्या अर्जातला चौदावा प्रश्न अगदी साधा होता. 'या घराचे पूर्वी काही नुकसान झाले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' खाली दोन रिकाम्या ओळी होत्या. बाकीची माणसं या दोन ओळींत 'नाही' लिहितात आणि चहा प्यायला जातात. बाईंनी अर्ज बाजूला ठेवला, चष्मा पुसला, पिशवीत मोजपट्टी, भिंग आणि वही टाकली आणि त्या घर बघायला निघाल्या.

बाई म्हणजे कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाई. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने 'मिलिलिटर' जास्त योग्य ठरलं असतं, एवढीच त्यांची हरकत होती.

घर त्यांच्या आत्याचं. गल्लीच्या टोकाला, बैठं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरता चौक. आत्या गेल्या वर्षी गेली आणि घर बाईंच्या नावावर आलं. ते भाड्याने मागायला एक नर्स आली, सोबत म्हातारे वडील. वडील घड्याळजी. लोक घर बघायला येतात तेव्हा नळ सोडून बघतात, खिडक्या उघडून बघतात. घड्याळजींनी खिशातून दोरीला बांधलेला एक नट काढला, भिंतीशी धरला आणि तो डुलायचा थांबेपर्यंत शांतपणे वाट पाहिली.

"ओळंब्यात आहे," ते म्हणाले. "लंबक नीट चालेल."

बाईंनी त्याच क्षणी मनोमन घर त्यांना देऊन टाकलं. 'ओळंबा' हा शब्द त्यांच्यासमोर आपणहून कुणी उच्चारला, असं इतक्या वर्षांत प्रथमच घडत होतं.

अडचण एकच होती. नर्सचं अर्धं भाडं इस्पितळ भरणार होतं आणि इस्पितळाचा नियम असा, की घरमालकाने घराचा विमा उतरवलेला असला पाहिजे. पॉलिसीची प्रत पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हातात हवी. त्याच तारखेला नर्सला आपली जुनी खोली सोडायची होती.

या अडचणीत बाईंच्या दिरांनी आपली एक भर घातली. दीर हे कुणाचं तरी काम कुणाकडून तरी करून देण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. त्यांच्या ओळखीच्या एका रंगवाल्याला माल ठेवायला जागा हवी होती. "विमा नको, करार नको, वहिनी! पिंपं ठेवायची आणि कुलूप लावायचं. पिंपांची कधी तक्रार येते का?"

बाई नाही म्हणाल्या. पण दिरांनी आपल्या भावाला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, शब्दकोडं सोडवताना गाठलं. कोड्यातला उभा सात अडला असला की हा माणूस कशालाही हो म्हणतो. तो हो म्हणाला. तीस तारखेपर्यंत विमा झाला नाही, तर किल्ली रंगवाल्याला.

"अहो, तुम्ही शब्द दिलात?"

"दिला खरा," नवरा म्हणाला. "पण तीस तारखेला अजून एकवीस दिवस आहेत. विमा काढायला असे कितीसे दिवस लागतात?"

थिनरची वाफ किती अंशाला पेट घेते हे ज्या बाईला पाठ आहे, तिच्या डोळ्यांसमोर आत्याच्या स्वयंपाकघरात पिंपांची रांग उभी राहिली, की तिचं काय होत असेल याची कल्पना करावी. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त कोड्याच्या पानावर उभ्या सातचं उत्तर शाईने लिहून टाकलं. त्यांच्या संसारात याहून मोठी शिक्षा अस्तित्वात नव्हती.

तर, चौदावा प्रश्न. बाईंनी घर दोन दिवस तपासलं आणि एक्केचाळीस नोंदी केल्या. नोंद तीन: पुढच्या दाराची वरची बिजागरी, एक स्क्रू नाही. नोंद सतरा: स्वयंपाकघराची उत्तर भिंत, तडा, लांबी दोनशे चौदा मिलिमीटर. नोंद सव्वीस: आत्याच्या हातून बत्ता पडून फरशीला टवका. नोंद अडतीस: चौकाकडच्या खिडकीच्या जाळीला भोक, 'मांजरामुळे असावे, खात्री नाही.' या शेवटच्या दोन शब्दांवर त्यांनी बराच वेळ विचार केला होता.

शेजारच्या काकूंनी तो अकरा पानी तपशील पाहिला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अहो बाई, तुम्ही विमा काढताय की कबुलीजबाब देताय? सगळीकडे 'नाही' लिहायचं असतं!"

"पण नुकसान झालेलं आहे."

"टवक्याला कुणी नुकसान म्हणतं का? तसं बघितलं तर आमच्याकडे एकही बशी धड नाही. म्हणून काय आम्ही जाहीर करतो?"

बाई राहत त्या इमारतीतले, वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. त्यांनी फुकट सल्ला दिला, आणि फुकट असल्यामुळे थोडक्यात दिला. "'माझ्या माहितीप्रमाणे नाही,' एवढंच लिहा."

"पण माझ्या माहितीप्रमाणे आहे."

"तिथेच तुमचं चुकतं. इतकी माहिती ठेवायचीच कशाला?"

बाईंनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. पण अर्जाच्या तळाशी 'वरील माहिती खरी व पूर्ण आहे' असं छापलेलं होतं आणि त्याखाली त्यांची सही होणार होती. 'खरी' एक वेळ ताणता येते. 'पूर्ण' म्हणजे पूर्ण.

विमा एजंट घाईचा माणूस होता. त्याने अर्ज उचलला, त्याला पिनेने लावलेलं जाडजूड बाड पाहिलं, "कागदपत्रं पण जोडलीत, वा मॅडम!" म्हणाला आणि न वाचताच कचेरीत देऊन आला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"मॅडम, हप्ता जरा जास्त आलाय."

"किती?"

त्याने सांगितलं. बाईंनी मनात भागाकार केला. वर्षाचा हप्ता म्हणजे चार महिन्यांचं भाडं.

"हे कसं काय?"

"संगणकाने काढलंय मॅडम," एजंट म्हणाला. जुन्या काळी देवाने केलं म्हणत, त्याच सुरात.

बाईंनी दुसरी विमा कंपनी गाठली. तिथे हप्ता साडेचार महिन्यांचं भाडं. तिसऱ्या कंपनीत एक गोल चेहऱ्याचा कारकून होता. त्याने घराचा पत्ता संगणकात टाकला, पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"मॅडम, एक विचारू? तुमचं घर रस्त्यात आहे का?"

"रस्त्यावर नाही, गल्लीत."

"रस्त्यावर नाही हो. रस्त्यात. म्हणजे मधोमध. कारण इथे दिसतंय, तुमच्या घराला नऊ वेळा गाडी धडकलीय."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"शिवाय अकरा पूर," कारकून हळुवारपणे वाचत गेला, जसा एखादा डॉक्टर वाईट बातमी सांगतो. "सात वेळा प्राण्यांचा उपद्रव. सहा चोऱ्या. तीन आगी. आणि पाच 'इतर'. सगळ्या कंपन्यांची यादी एकच असते मॅडम. तुम्ही कुठेही गेलात तरी हेच दिसणार." मग त्याला राहवलं नाही. "अजून उभं आहे का ते घर?"

एकतीस वर्षं ज्या बाईने मुलांच्या वह्यांतले खोटे आकडे पकडले, तिच्या नावावर नऊ अपघात आणि अकरा पूर! बाई ताडताड चालत पहिल्या कचेरीत गेल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खिडकीमागच्या मुलीला सगळं लख्ख आठवत होतं. त्या अकरा पानांनी तिची एक अख्खी दुपार खाल्ली होती.

"मॅडम, प्रत्येक घटनेला कारण निवडावंच लागतं. आग, पूर, चोरी, वाहन, प्राणी, इतर. मी सगळ्यांना 'इतर' टाकत होते. पण 'इतर' पाचाच्या वर संगणक घेत नाही. मग उरलेल्या मी वाटून दिल्या."

"वाटून दिल्या?"

"तशाच नाही दिल्या हं!" मुलगी दुखावली. "विचार करून दिल्या. जिथे 'ओल' लिहिलंत, तिथे पूर. स्वयंपाकघरातल्या तीन गोष्टींना आग. जिथे काहीतरी नाहीये, म्हणजे स्क्रू नाही, कडी नाही, तिथे चोरी. भोकं, कुरतडलेलं वगैरे प्राण्यांना. आणि तडे सगळे गाडीला दिले. तडा काय उगाच जातो?"

खरं सांगायचं तर बाईंना त्या रागातही थोडं कौतुक वाटलं. निष्कर्ष साफ चुकीचे होते, पण वर्गीकरणाला पद्धत होती. कित्येक विद्यार्थ्यांना एवढंही जमलं नव्हतं.

"हे काढून टाका."

"काढता येत नाही. बंद करता येतं. प्रत्येक घटनेचा वेगळा अर्ज, तीन प्रती, सोबत पुरावा. मग सर्व्हेअर येऊन बघतो."

"जी गोष्ट घडलीच नाही तिचा पुरावा कसा द्यायचा?"

मुलीने नियमांचं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "ते इथे दिलेलं नाहीये."

सतरा तारीख उजाडली होती. त्या संध्याकाळी नर्स ड्यूटीवरून परस्पर बाईंकडे आली. चहाचा कप हातात तसाच ठेवून म्हणाली, "मावशी, नाही जमत असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. बाबांना जिना चढवत नाही, आणि तळमजल्याची जागा शोधायला मला वेळ लागेल. त्यांनी घड्याळं खोक्यात भरायला घेतलीत. रोज एक भरतात, पुसून."

पुराव्याशिवाय बाईंनी आजवर एकही विधान केलं नव्हतं. 'उद्या पाऊस पडेल का?' या प्रश्नालाही त्या 'शक्यता आहे' एवढंच म्हणत.

"होईल," बाई म्हणाल्या.

नर्स गेली. बोलून तर बसले! आता हा शब्द खरा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुढचे पाच दिवस जेवणाचं टेबल जेवणासाठी मिळालं नाही. एक्केचाळीस अर्ज, तीन प्रती, म्हणजे एकशे तेवीस कागद. नवऱ्याला क्रमांक घालायला बसवलं. शब्द दिल्याची ती उरलेली शिक्षा होती. तो बिचारा निमूटपणे क्रमांक घालत होता आणि अधूनमधून मोठ्याने वाचत होता.

"'घटना चौतीस, वाहन धडक. गल्लीची रुंदी सर्वात अरुंद ठिकाणी एक मीटर चौदा सेंटिमीटर. या रुंदीचे चारचाकी वाहन अर्जदाराच्या पाहण्यात नाही.' अगं, हे छान आहे!"

"छान नाही. अचूक आहे."

"'घटना अडतीस, प्राणी. मांजर एकच होते. ते आता हयात नाही.'" त्याने चष्मा काढला. "आत्याचं मांजर गेलं?"

"दोन वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं. तुमचा आडवा बारा अडला होता."

मधेच दीर डोकावून गेले. "वहिनी, कशाला एवढा आटापिटा? रंगवाला उद्या पैसे आणून देतो म्हणतोय. भाडेकरू काय, आज आहे उद्या नाही. पिंपांचं तसं नसतं."

बाईंनी पुढचा अर्ज ओढला. त्यांना हे बोलणं लागलं होतं. आपल्या वहीला आपलीच माणसं हसतात, हे त्यांना सवयीचं होतं. पण वहीमुळेच घर हातचं जाणार असेल, तर हसणाऱ्यांचं बरोबर ठरत होतं. खरं लिहिल्याबद्दल चार महिन्यांचं भाडं दंड. 'नाही' असं दोन अक्षरांत लिहिलं असतं, तर आज घड्याळं खोक्यात गेली नसती.

अठ्ठावीस तारखेला सर्व्हेअर आला. पोटावरचा पट्टा सैल केलेला, गुडघ्याला पट्टी बांधलेली, कपाळावर कायमच्या आठ्या असलेला माणूस. पण तो येण्याआधी वीस मिनिटं त्याचा हॉर्न आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी शिरवायचा त्याने तीन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्या खेपेला आरसा घासला, मग गाडी मागे घेऊन तो लंगडत चालत आला.

"ही काय गल्ली आहे?" तो दारातूनच ओरडला. "इथे गाडी येतच नाही!"

"हेच कृपया लिहा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चौतिसावा अर्ज पुढे केला.

सर्व्हेअरने अर्ज वाचला. खिशातून पेन काढलं. वाहन धडकेच्या नऊही घटना त्याने दारात उभ्या उभ्या बंद केल्या. त्याच्या घासलेल्या आरशाचा राग त्यात मिसळलेला होता, हे बाईंच्या लक्षात आलं. पण निष्कर्ष बरोबर असल्यामुळे त्या गप्प राहिल्या.

पूर, चोऱ्या, आगी, मांजर. एकेक घटना बंद होत गेली. शेवटी स्वयंपाकघरात नोंद सतरापाशी तो थांबला. "गाडी नाही धडकली, कबूल. पण तडा तर आहे. भिंत हलत असली तर? आणि हे काय चिकटवलंय?"

तड्यावर आडवी, बोटभर रुंदीची एक काचपट्टी चिकटवलेली होती. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख. सहा वर्षांपूर्वीची.

"सूक्ष्मदर्शकाची काच," बाई म्हणाल्या. "आत्याला भीती वाटायची, घर खचतंय म्हणून. तिच्यासाठी प्रत्येक तड्यावर एकेक लावली. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकते. नऊ तडे, नऊ काचा. दर महिन्याची नोंद वहीत आहे."

सर्व्हेअर वही चाळू लागला. सहा वर्षं. दर महिन्याला नऊ ओळी. 'अखंड. अखंड. अखंड.'

नेमके याच वेळी दीर आले. सोबत रंगवाला, त्याच्या हातात पिंपं कशी बसतील ते मोजायची दोरी. तीस तारीख अजून दोन दिवस दूर होती, पण दिरांना वेळेच्या आधी काम करून द्यायची खोड. सर्व्हेअरला पाहताच त्यांना एकदम वहिनींची बाजू घ्यावीशी वाटली. हा त्यांचा स्वभावच. समोर कुणी अधिकारी दिसला की ते घरच्यांच्या बाजूने बोलू लागतात.

"तडा? कसला तडा साहेब? दगड आहे दगड!" आणि हे पटवून देण्यासाठी त्यांनी पूर्ण हात मागे नेऊन उत्तर भिंतीवर धाडकन थाप मारली.

भिंतीने एक सुस्कारा टाकला. वरच्या बाजूचा, ताटाएवढा गिलावा सुटला आणि बरोबर खाली उभ्या असलेल्या रंगवाल्याच्या डोक्यावर येऊन फुटला. तो क्षणात पांढरा झाला. दोरी हातातच.

"वहिनी, मी फक्त..." दिरांचा चेहरा रंगवाल्याहूनही पांढरा पडला.

बाईंच्या डोळ्यांसमोरून एकशे तेवीस कागद, नर्सचा चहाचा कप आणि एकेक करून भरली जाणारी खोकी तरळून गेली. त्यांनी वही उघडली. अक्षर नेहमीसारखंच आलं. 'बेचाळीस. उत्तर भिंत, गिलावा पडला. कारण: दीर.' मग भिंग घेऊन त्या काचेपाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अखंड," त्या म्हणाल्या.

"काय?" सर्व्हेअर म्हणाला.

"काच अखंड आहे. बघा ना."

सर्व्हेअर गुडघ्याची पट्टी सावरत वाकला. त्याने सतराव्या तड्यावरची काच पाहिली, मग बाकीच्या आठ, खोल्याखोल्यांतून लंगडत. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावरच्या दोन आठ्या कमी झाल्या होत्या.

"एवढ्या तडाख्यात एकही काच तडकली नाही. म्हणजे तडे नुसते गिलाव्याचे. भिंत जागची हललेली नाही." तो दिरांकडे वळला. "तुम्ही एक चाचणी फुकटात करून दिलीत. कचेरीतून हातोडीवाला बोलवावा लागतो त्यासाठी."

दिरांना आपण नक्की काय केलं ते कळलं नाही, पण कौतुक झालंय एवढं कळलं. ते सावरून उभे राहिले. रंगवाला मात्र डोक्यातला चुना झटकत दाराबाहेर पोचला होता. "नको रे बाबा," तो गल्लीतून म्हणाला. "नुसत्या थापेने एवढं पडतं, तर माझी दीडशे किलोची पिंपं आदळल्यावर काय होईल! दुसरी जागा बघ."

सर्व्हेअर ओट्याशी उभा राहून लिहू लागला. "मॅडम, लोक सगळे 'नाही' लिहितात. मग मी येतो, आणि मला सगळंच शोधावं लागतं. सोळा वर्षं झाली, मी कुणाच्या कागदावर विश्वास ठेवलेला नाही." त्याने वहीवर बोट ठेवलं. "याची एक प्रत मिळेल का? पाहणी पूर्ण झालेल्या घराला सवलत असते. कुणी मागत नाही, कारण कुणाचीच पाहणी पूर्ण होत नाही."

तीस तारखेला, कचेरी बंद व्हायला चाळीस मिनिटं असताना, खिडकीवरच्या मुलीने शेवटची घटना बंद केली आणि पॉलिसी छापून दिली. वर्षाचा हप्ता: बारा दिवसांचं भाडं. काकूंचा हप्ता, 'नाही, नाही' लिहून, वीस दिवसांच्या भाड्याएवढा होता. हे बाईंनी काकूंना सांगितलं नाही. त्यांनी फक्त पॉलिसी काकूंच्या टेबलावर, आकडा वर येईल अशी, पाच मिनिटं ठेवली.

परत येताना त्या बागेजवळच्या बाकावर बसल्या आणि आपण तीन आठवडे श्वास पूर्ण सोडलेलाच नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो सोडला. जीव भांड्यात पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना शास्त्रीय दृष्ट्या कधी पटलं नव्हतं. त्या दिवशी पटलं.

एक तारखेला नर्स राहायला आली. घड्याळजी हातगाडीच्या पुढे चालत होते, एक खोकं मात्र त्यांनी स्वतःच्या हातात धरलं होतं.

आठवड्याने बाईंकडे एक चिठ्ठी आली. अक्षर बारीक आणि सरळ रेषेत.

'बाईंस नमस्कार. आठ घड्याळे लावली. पूर्व भिंतीत पाचव्या खिळ्याशेजारी नवा तडा, लांबी अकरा मिलिमीटर. आपल्या वहीसाठी कळवतो. नऊही काचा अखंड. एक शंका: नोंद सतरा आपण दोनशे चौदा लिहिली आहे. मला दोनशे तेरा मिळाली. तीनदा मोजली.'

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकतीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने कोड्यातून मान वर न करता विचारलं.

"मोजायला," बाई म्हणाल्या आणि पिशवीत मोजपट्टी टाकली. मग दारापासून परत फिरून त्यांनी बिस्किटांचा पुडाही टाकला. दोनशे तेरा निघाली, तर तिथे जरा वेळ बसावं लागणार होतं.